पिंपातला डिंक

चिक्की मोडताना आवाज आला पाहिजे. ओली शेंग मोडावी तसा नव्हे, वाळकी काटकी मोडावी तसा. आवाज आला नाही तर पाक कच्चा राहिला. आवाज आला पण मागून करपट वास आला तर पाक पुढे गेला. या दोन्हींच्या मधली वेळ फार थोडी असते, आणि ती ओळखणं हाच आमचा धंदा. दाणे भाजणं, पाखडणं, लाटणं, कापणं, कागदात बांधणं हे कोणीही शिकेल.

लोणावळ्याच्या एका चिक्की कारखान्यात माझी सारी उमर गेली. कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं आणि भोंगा आठवतो. आमचा कारखाना म्हणजे बाजारातल्या दुकानामागची पत्र्याची लांब खोली. एका बाजूला भट्ट्या, दुसऱ्या बाजूला तेल लावलेले लोखंडी पाट, आणि पाटांभोवती आम्ही बायका. दुकान आणि खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. गिऱ्हाइकाला ताजी चिक्की होताना दिसावी म्हणून शेठनी त्या भिंतीला मोठी खिडकी ठेवली होती. मी पहिली बरीच वर्षं त्या खिडकीशी बसून पुडकी बांधली. मी चौथी शिकलेली. बायकांत वाचता येणारी मी एकटी, म्हणून कागद सुलटा आहे की उलटा हे पाहण्याचं काम माझ्याकडे आलं. बोलण्याची मला लहानपणापासून भीड. लिहिताना समोर कोणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं असं काही नाही.

मोठ्या कढईवर गंगूमावशी असायची. ती कुसगावहून चालत यायची. माझी नात्याची कोणी नव्हे, पण काम तिनेच शिकवलं. थंड पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकायचा, बोटाने उचलून वाटीच्या काठावर आपटायचा. टण्ण वाजला की दाणे ओतायचे. मावशी नंतर नंतर वाटीसुद्धा घेत नसे. पाकाचे बुडबुडे बघूनच सांगायची. मी विचारलं तर म्हणायची, "आगं, त्यो बोलतोय की. तुला ऐकू येत न्हाई, कारन तू बी बोलत न्हाईस."

आमच्याकडचा पाऊस चिक्कीचा वैरी. गुळाच्या चिक्कीला पावसाळ्यात पाणी सुटतं. ती कागदाला अशी चिकटते की गिऱ्हाईक कागदासकट खातं आणि मग भांडायला येतं. साखरेची केली तर ती रवाळ होऊन भुसभुशीत होते. शिवाय तेव्हा साखर रेशनवर, कारखान्याला हवी तेवढी मिळतच नव्हती. मग एका वर्षी शेठनी मुंबईहून पत्र्याची पिंपं मागवली. आत पाण्यासारखं स्वच्छ, पण काकवीहून घट्ट असं काहीतरी होतं. पळी बुडवून वर धरली तर तार तुटता तुटायची नाही. पिंपावर इंग्रजी अक्षरं होती. ती आमच्यापैकी कोणाला येत नव्हती आणि ती काय आहेत हे कोणी विचारलंही नाही. सखू नावाची एक धीट बाई पिंपाजवळ असायची. तिने बोट बुडवून पदराला पुसलं, तर पदरच बोटाला चिकटून आला. ती म्हणाली, "बया, ह्यो तर डिंकच की."

त्या दिवसापासून त्याचं नाव डिंक पडलं. कढईवरची बाई "डिंक आण गं" अशी हाक द्यायची आणि सखू बादली भरून न्यायची. हमालही डिंकाचं पिंप म्हणू लागले. शेठसुद्धा आमच्याशी बोलताना तेच म्हणायचे. या डिंकाची चिक्की दिसायला पिवळसर, काचेसारखी, आणि पावसातही कडक राहायची. चवीला मात्र साखरेइतकी गोड नव्हती, जरा फिकीच. ही फिकी चव पुढे सगळ्यांना फसवणार होती.

थोड्या दिवसांनी शेठचे भाचे वसंतराव पुण्याहून दुकानात आले. धंदा वाढवायची त्यांना हौस होती. तोवर पुडक्यावर दुकानाचं नाव आणि एक गाय, एवढंच असायचं. ते म्हणाले, चिक्की सगळेच विकतात, आपल्या चिक्कीत वेगळं काय ते कागदावर आलं पाहिजे. त्यांनी खिडकीतून वाकून मावशीला विचारलं, या पिवळ्या चिक्कीत काय काय घालता.

मावशी म्हणाली, "दानं, डिंक, आन रंगापुरता गूळ."

"आणि साखर?"

"साकर कुटनं आनायची? रेशनला मिळंना."

वसंतराव खूश होऊन गेले. मावशीने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता.

नवे कागद छापून आले ते मी वाचले. डिंकयुक्त पौष्टिक चिक्की. बिनसाखरेची. बाळंतिणी, अशक्त माणसे व मधुमेहाचे रोगी यांस विशेष उपयुक्त. बायकांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मधुमेह म्हणजे काय ते कोणाला ठाऊक नव्हतं. लघवीतून साखर जाते तो आजार, असं शेठनी सांगितलं. मावशीने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, पुण्यात छापलाय म्हणजे कोणीतरी विचार करूनच छापला असेल. आमच्याच तोंडातला शब्द पुण्याला जाऊन छापून परत आला होता, आणि तो आमचा आहे हे आम्हाला ओळखू आलं नाही.

डिंक म्हणजे बाळंतिणीचं खाणं, हे आम्हा बायकांना कोणी सांगायला नको. चिक्की कापताना कडेचा चुरा उरतो, तो शेठ आम्हाला नेऊ देत. आधी तो पोरं खायची. कागद आल्यापासून तो बाळंतीण लेकींसाठी, म्हाताऱ्यांसाठी, तापातून उठलेल्यांसाठी राखून ठेवला जाऊ लागला.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थाने बायकोला अशक्तपणा आहे म्हणून पुडकं घेतलं, पायरीवर बसून ते स्वतःच संपवलं आणि तिच्यासाठी दुसरं घ्यायला परत आला. एक जण गाडीचं घाटापुरतं जोडलेलं जादा इंजिन सोडेपर्यंतच्या वेळात स्टेशनवरून धावत आला, आजारी वडिलांसाठी टोपलीभर घेऊन गेला. तळेगावच्या एका वयस्क बाईंनी मात्र तुकडा चाखला आणि बराच वेळ चघळला. त्या म्हणाल्या की यात डिंक नाही. डिंक तुपात तळला की फुलतो, दाताखाली कुरकुरतो. मावशीने आतून उत्तर दिलं की घरचा डिंक वेगळा, कारखान्याचा वेगळा. बाई हसल्या आणि साध्या गुळाची घेऊन गेल्या. आम्हाला त्यांचाच राग आला.

पाकाचा थेंब अंगावर पडला तर झटकता येत नाही. तो चिकटून बसतो आणि आत भाजत राहतो. आमच्या सगळ्यांच्या हातांवर त्याचे डाग आहेत. मावशीच्या पायावर, अंगठ्याच्या वर, असाच एक थेंब पडला. तिने हळद लावली आणि विसरली. पण बाकीच्यांचे फोड वाळून जात, तिचा वाळेना. श्रावण गेला, गणपती गेले, जखम मोठीच होत गेली. शेवटी स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी लघवी तपासली आणि तिला साखरेचा आजार निघाला. गोळ्या दिल्या, पट्टी केली आणि साखर, गूळ, गोडधोड सगळं बंद केलं.

मावशी शब्दाची पक्की. त्या दिवसापासून तिने चहा बिनसाखरेचा केला. तोंड वाकडं करून प्यायची, पण प्यायची. मात्र काम उभ्याचं, भट्टीजवळचं. दुपारी पोटात काहीतरी लागायचंच. ती डिंकाच्या चिक्कीचा चुरा खायची. आमच्यापैकी कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. रोग्यांसाठी म्हणून छापलेलीच वस्तू होती ती. रंगापुरत्या गुळाचं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, जिभेला लागतसुद्धा नाही.

जखम वाढतच गेली. दर खेपेला डॉक्टर लघवी तपासायचे आणि दर खेपेला साखर तेवढीच. सासू चोरून गोड खाते असं डॉक्टरांनी सुनेला सांगितलं. सून शेवंता सरळ कारखान्यात आली. भांडायला नव्हे, ती घाबरली होती.

"आत्याबाई, डाक्टर म्हन्त्यात पाय कापाया लागंल. कुटं खाताय, त्ये तरी सांगा."

मावशी म्हणाली, "साकरंचा डबा तू फळीवं कुलपात ठिवलायस. मग मी काय भित्ती चाटती?"

"आवो पन साकर येती कुटनं? आबाळातनं?"

 मावशीचा पाय दुखत होताच, पण घरात आणि दवाखान्यात आपण खोटारडी ठरलो, हे तिला जास्त लागलं होतं. पुढच्या खेपेला ती मला बरोबर घेऊन गेली. मी साक्षीला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. अंगठ्याचा रंग काळा पडायला लागला होता. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "मावशी, माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? पाय तुमचा आहे."

मावशीने मला ढोसलं. "इंदे, सांग ह्यास्नी. मी चा कसा पिती?"

मी सांगितलं, बिनसाखरेचा. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. मग त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाते ते एकेक विचारायला सुरुवात केली. भाकरी झाली, कालवण झालं, पिठलं झालं. दुपारी कारखान्यात काय, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, चिक्कीचा चुरा.

"चिक्की खाता?" डॉक्टरांनी चष्मा काढला.

"डिंकाची हाय ती. बिनसाकरंची. रोग्यांसाठीच करत्यात. हिला वाचाया येतं, हिला इचारा."

मी मान हलवली. मावशीने पदराची गाठ सोडून चुरा पुढे ठेवला. डॉक्टरांनी तो कोमट पाण्यात विरघळवला आणि कापसातून गाळला. लघवी तपासायचं निळं औषध काचेच्या नळीत घेऊन त्यात त्या पाण्याचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळा रंग हिरवट झाला, मग पिवळा झाला, मग भाजलेल्या विटेसारखा लाल झाला. शेजारी मावशीची नळी होती. तिचाही रंग तोच.

मावशी दोन्ही नळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी त्येच ह्यातनं निघालं व्हय."

पिंपातला पदार्थ कसा दिसतो ते डॉक्टरांनी मला विचारलं. मी तार दाखवतात तसं हाताने दाखवलं. ते म्हणाले, "हे ग्लुकोज. ही साखरच आहे, मावशी. जिभेला कमी गोड लागते, पण रक्तात सगळ्यांच्या आधी उतरते." मग त्यांनी आपण तुम्हाला खोटं ठरवलं ते चुकलं, असंही म्हटलं. आणि अंगठा काही राहायचा नाही, वरचा पाय वाचवायचा तर लगेच पुण्याला जा, असं सांगितलं.

बाहेर आल्यावर मला वाटलं मावशी पायाबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, आधी घरी चल. कुसगावपर्यंत मला नेलं आणि शेवंतासमोर उभं करून सगळं सांगायला लावलं. शेवंता ऐकून चुलीकडे तोंड करून बसली. मावशी तिला म्हणाली, "रडू नगंस. तुज्या कुलपानं काम केलं. चोर दुसरीकडनं शिरला."

दुसऱ्या दिवशी ती शेठकडे गेली. मी मागे उभी होते. तिने आवाज न चढवता सांगितलं की पिंपात डिंक नाही, साखर आहे, आणि रोग्यांसाठी म्हणून छापलंय ते काढा.

शेठनी डोकं खाजवलं. पिंपात काय आहे हे त्यांना माहीत होतंच, माल तेच मागवत होते. ते म्हणाले, "मावशी, डिंक हे नाव मी ठेवलं का?"

"न्हाई. आमीच ठिवलं."

"मग?"

"आमी पिंपाला ठिवलं, शेठ. पुडक्याला तुमी."

 शेठ म्हणाले, दिवाळीपुरते कागद छापून पडलेत, दिवाळी होऊ दे, मग बघू. माणूस वाईट नव्हता. मावशीला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायची सोय त्यांनीच केली, बरोबर माणूस दिला, तुझी जागा राखून ठेवतो म्हणाले. पण कागद तेच राहिले.

मावशी गेल्यावर मोठी कढई माझ्याकडे आली. पाक मला जमत होता. हाक जमत नव्हती. पिंप खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मावशीची हाक दुकान ओलांडून रस्त्यावर जायची. मी नुसता हात वर करायची. भट्टीच्या धुरात सखूला तो दिसायचा नाही आणि पाक पुढे जायचा. दोन घाणे करपले. शेठ खिडकीशी येऊन म्हणाले, इंदू, तोंड उघडत जा, माल जळतोय.

पुढच्या घाण्याला मी तोंड उघडलं. डिंक आण म्हणायचं होतं. तो शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला. पाक तर वर येत होता. मी म्हटलं, "साखर आण."

सखूने विचारलं, "काय आनू?"

"साखर."

 तिने बादली भरून आणली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सरा, सरा, साकर आली."

तेव्हापासून खोलीत डिंक हा शब्द बंद झाला. कोणी ठरवलं नव्हतं. बायकांना चेष्टेला विषय मिळाला. कोणी म्हणायची, बिनसाखरेच्या चिक्कीला आज साखर कमी पडली. कोणी म्हणायची, पदराला साखर चिकटली, आता नवऱ्याने चहा पदर बुडवून प्यावा. आमचं बोलणं खिडकीतून दुकानात जात होतं. गिऱ्हाइकाने आत बघावं म्हणून केलेल्या खिडकीतून ऐकूही येतं, याचा आधी कोणी विचार केला नव्हता.

दिवाळीच्या गर्दीत पुण्याचं एक वयस्क जोडपं आलं. बाईंच्या हातात डिंकाच्या चिक्कीचं पुडकं होतं. त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, आत साखर साखर काय चाललंय?" वसंतराव चटकन म्हणाले, ती दुसऱ्या मालाची. आतून सखू म्हणाली, "दुसरा माल सकाळीच झाला, बाई. ह्यो तुमच्या हातातलाच." बाईंनी पुडकं फळीवर ठेवलं. त्यांच्या यजमानांना साखरेचा आजार होता. त्यांनी नातवंडांसाठी साधी चिक्की घेतली आणि गेल्या.

शेठ आत आले. हे कोणी सुरू केलं, असं विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.  मी म्हटलं, "शेठ, डिंक म्हणवत नाही. पिंपावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचा. आम्ही तेच म्हणू."

शेठनी पिंपाकडे जाऊन वाचलं. लिक्विड ग्लुकोज. आम्ही म्हणून पाहिलं. सखूच्या तोंडून ते "लुकीट गुलकोस" असं निघालं. सगळी खोली हसली. शेठही हसले, आणि हसत हसतच बाहेर गेले. त्यांनी मला काढलं नाही. आम्हाला गप्प बसा असंही सांगितलं नाही.

दिवाळीचा माल जुन्या कागदातच संपला. नंतर नवे कागद आले. त्यावर डिंक नव्हता, बाळंतीण नव्हती, मधुमेह नव्हता. ग्लुकोजयुक्त. ताबडतोब शक्ती देणारी. यात खोटं काही नव्हतं. पण वाचणाऱ्याला त्यात साखर दिसत नव्हती, शक्ती तेवढी दिसत होती. खप पहिल्यापेक्षा वाढला. आम्ही जिंकलो की हरलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आणि जुन्या कागदातली जी पुडकी गाडीने मुंबईला, पुण्याला गेली, ती कोणी कोणत्या आजारी माणसाच्या हातात दिली असतील, ते कळायला मार्ग नाही. तळेगावच्या बाईंसारखं चाखून परत ठेवणारं गिऱ्हाईक विरळाच. लोक वाचून विश्वास ठेवतात. मीही ठेवला होता.

मावशी थंडी संपता संपता परत आली. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं होतं. पाय राहिला होता. कढईवर उभं राहणं शक्य नव्हतं. शेठनी तिला दाराशी दाणे निवडायला बसवलं. तिथे बसून तिने एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. कोणतीही नवी वस्तू दारातून आत जाताना ती तिचं नाव विचारायची.

एकदा आमचा हमाल महादू डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन आला. चिक्कीला वास यावा म्हणून शेठनी काहीतरी मागवलं होतं. मावशीने दुखरा पाय दारात आडवा केला.

"मावशी, सरा की. डोस्क्यावं वझं हाय."

"उतरव खाली. नाव काय त्याचं?"

"मला काय ठावं? वास झ्याक येतोय. अत्तर म्हना."

"म्हनायचं न्हाई. नाव सांग."

महादूने आमच्याकडे पाहिलं. सखू म्हणाली, गुलाबपाणी म्हणूया. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की ती परत दाणे पाखडू लागली. शेठ जेवायला घरी गेले होते. ते येऊन वाचून सांगेपर्यंत डबा उंबऱ्याच्या बाहेरच राहिला, आणि महादू त्यावर बसून विडी ओढत होता.